भिंगरीसाठी हातमोजे

विणकामाच्या मंडळात तिला सगळ्या ताई म्हणत, पण पाठीमागे तिचं नाव होतं 'हाडांची फोटोग्राफर'. दवाखान्यात एक्स-रे काढता काढता तिचे केस पिकले होते. दिवसभर लोकांची हाडं बघायची आणि संध्याकाळी लोकर हातात घ्यायची. नवरा म्हणायचा, "दोन्हीकडे तुझं एकच काम. सरळ राहा, हलू नका." कारण स्वेटरचं माप घेताना ती त्यालाही तसंच दटावायची.

मंडळ म्हणजे लाँड्रीच्या वरच्या खोलीत दर रविवारी जमणाऱ्या दहा-बारा बायका. खालून इस्त्रीची वाफ, वर गप्पांची. म्होरक्या होत्या मास्तरीणबाई. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी टाका चुकला की आजही कान पिळतील अशा. थंडी पडायच्या आधी मंडळात भेटींची अदलाबदल व्हायची. चिठ्ठ्या टाकायच्या, जिची चिठ्ठी आपल्याला येईल तिच्यासाठी काहीतरी विणायचं, आणि तो रविवार उजाडेपर्यंत कुणाला ताकास तूर लागू द्यायचा नाही.

या वर्षी ताईला भिंगरीची चिठ्ठी आली.

भिंगरी मंडळातली सगळ्यांत धाकटी. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. एका जागी स्वस्थ बसलेली तिला कुणी पाहिली नव्हती. गाडीत तरी कशी बसते, तर गाडी पळते म्हणून, असं मास्तरीणबाई म्हणायच्या. तिच्या हातात पहिल्यांदा सुया दिल्या त्या ताईनंच. चिठ्ठी उघडल्याबरोबर ताईनं ठरवून टाकलं, हातमोजे विणायचे. बोटांची टोकं उघडी असलेले, स्टिअरिंग नीट धरता येईल असे. भल्या सकाळी पहिल्या शिकाऊला घेऊन निघताना हात गारठतात, ही भिंगरीची कायमची कुरकुर होती.

आणि त्याच आठवड्यात भिंगरी एक्स-रेच्या खोलीत येऊन उभी राहिली, पेशंट म्हणून.

"ताई, माझाही एक काढ. आणि चांगला काढ हं, लायसन्सवरचा माझा फोटो चोरासारखा आलाय."

डावं मनगट सुजलं होतं. एका शिकाऊनं गाडी दुभाजकावर चढवली, तेव्हा हात आपटला, असं तिचं म्हणणं. ताईनं तिचा हात प्लेटवर ठेवला, बोटं एकेक करून सरळ केली आणि काचेमागे जाऊन बटण दाबलं.

पडद्यावर चित्र उमटलं. हाड मोडलेलं नव्हतं. पण मनगटाच्या जरा वर, जिथं ते रेखीव पांढरं दिसायला हवं, तिथं कशानं तरी कुरतडल्यासारखं दिसत होतं. कसर लागलेला स्वेटर उजेडासमोर धरावा तसं. इतक्या वर्षांत असे फोटो तिनं पाहिले होते. फार नाही, पण पाहिले होते. त्यातल्या काहींचं पुढं काय झालं, तेही तिला ठाऊक होतं.

"काय गं, मोडलंय का?" भिंगरीनं विचारलं.

"डॉक्टर सांगतील."

"तू सांग की. तुला दिसतंय ना?"

"आम्ही फोटो काढायचा. वाचायचा डॉक्टरांनी."

हा तिथला नियमच होता. ताईनं तो नोकरीभर पाळला होता आणि तिला तो कधी जड गेला नव्हता. आजवर समोरचं माणूस परकं असायचं, एवढंच.

डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले होते. भिंगरीला थांबायला सांगितलं, पण थांबेल ती भिंगरी कसली. तिच्या एका शिकाऊ मुलीची परीक्षा होती. दुखणं थांबवायची गोळी घेतली, "मागाहून येते" म्हणाली आणि गेली.

दुपारी डॉक्टरांनी पडद्यासमोर खुर्ची ओढली. चित्र मोठं करून मनगटाचा भाग पाहिला.

"ही तुमच्या ओळखीची?"

"मैत्रीण आहे."

"मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल. तुकडा काढून तपासल्याशिवाय काही म्हणता येणार नाही. साधंही निघेल, वाईटही निघेल. मी बोलावून घेतो तिला. तुम्ही मात्र काही बोलू नका, बाई. अर्धवट ऐकून माणूस घाबरतो आणि मग फिरकतच नाही."

बोलणं खोटं नव्हतं. ताईनं मान हलवली.

भिंगरी काही फिरकली नाही. फिरकली ती ताईच्या दारात, शनिवारी, गाडीचा हॉर्न वाजवत. लोकर आणायला एकत्र जायचं हे दोघींचं ठरलेलंच असायचं. ताईला नाही म्हणायला कारण सापडेना.

लोकरीचं दुकान बोळाच्या टोकाला होतं. अरुंद, आत आत जाणारं, छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर लोकरीच्या लडी. दुकानदार काकांना ऐकू कमी यायचं, पण कुणी लडीत गाठी आहेत का ते न बघता लोकर उचलली की ते मागून बरोबर खाकरायचे.

"तुझी चिठ्ठी कुणाची आहे ते मी ओळखणार," भिंगरी म्हणाली. "मास्तरीणबाई ना? तुझा चेहरा सांगतोय. चार दिवस झाले, तोंड असं करून फिरतेस. त्यांना काहीही दिलं तरी त्या चूक काढणार."

"असं समज."

"मग मी रंग निवडते. तुझ्यावर सोडलं तर तू राखाडीच घेणार. एक्स-रे बघून बघून तुझे डोळे तसलेच झालेत."

ती फळीवर चढली. एक लडी काढली, गालाला लावली, परत ठेवली. दुसरी काढली. शेवटी गर्द जांभळ्या रंगाची एक लडी तिनं ताईच्या हातात दिली. "ही बघ, कशी मऊ आहे. मला कुणी या लोकरीचं काही दिलं ना, तर मी अंगावरून काढणारच नाही. मास्तरीणबाईंना हातमोजे विण. सोपं काम, आणि माप चुकलं तरी हाताला कळतं, डोळ्यांना नाही."

ताईनं लडी घेतली. ती देताना भिंगरीचा डावा हात क्षणभर लुळा पडल्यासारखा झाला. तिनं तो पटकन कमरेवर ठेवला.

"दुखतंय अजून?"

"गोळीनं थांबतं की."

"रिपोर्ट घेतलास का? डॉक्टरांकडं जाऊन तरी ये."

"अगं, त्यांच्या दवाखान्यातल्या बाईचा फोन आला होता. या महिन्यात माझ्या सगळ्या पोरींच्या परीक्षा आहेत. आणि हात दाखवून अवलक्षण कशाला? डॉक्टरकडं गेलं की काहीतरी निघतंच."

"तरी जा. सोमवारी जा."

भिंगरीनं तिच्याकडं पाहिलं. "तू काही बघितलंस का त्यात?"

"मी काढते फक्त," ताई म्हणाली आणि काकांकडं वळली. "काका, या रंगाची, याच खेपेची आणखी एक लडी आहे का?"

काका आत गेले. भिंगरी स्वतःसाठी लोकर बघायला लागली. तिला मोठ्ठं पांघरूण विणायचं होतं, चौकोन चौकोन जोडून, दोन थंड्या पुरेल एवढं काम. ती काकांच्या टेबलावर रंग मांडत होती आणि म्हणत होती, या वर्षी एवढे चौकोन, पुढच्या वर्षी एवढे. ताई बाजूला उभी राहून होय, छान, असं म्हणत राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, असं तिला वाटलं.

उजव्या हाताचा मोजा लवकर झाला. डावा सुरू केला आणि सुई पुढं जाईना. या हातात हा मोजा जाईल का? गेला तरी किती दिवस? ती मनगटापर्यंत विणायची आणि उसवायची. उसवलेली लोकर कुरळी व्हायची, ती वाफेवर धरून सरळ करायची आणि पुन्हा टाके घालायची.

"उसवायचंच असेल तर विणतेस कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"माप बसत नाहीये."

"कुणाचं आहे?"

"नाही सांगायचं, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

तो हसला आणि टीव्हीकडं वळला. चिठ्ठीचं गुपित सांगायचं नाही, हे तरी त्याला पटत होतं.

ती पुन्हा डॉक्टरांकडं गेली. "ती येत नाहीये," म्हणाली. "मी सांगू का तिला?"

"काय सांगाल?" डॉक्टरांनी शांतपणे विचारलं. "मलाच नक्की माहीत नाही. दोनदा फोन झाला. पेशंट आलीच नाही तर तिला मी उचलून आणू शकत नाही, बाई. तुमचं ऐकते का ती?"

"ती कुणाचं ऐकत नाही."

"तरी बघा. फक्त घेऊन या."

घेऊन या म्हणणं सोपं. ताई संध्याकाळी ड्रायव्हिंग स्कूलवर गेली. भिंगरी शेवटचा शिकाऊ सोडून गाडीत एकटीच बसली होती, डावा हात मांडीवर उताणा टाकून. ताई शिकाऊच्या जागेवर, स्टिअरिंगमागे, जाऊन बसली. आयुष्यात ती तिथं पहिल्यांदाच बसत होती.

"अरे वा. शिकणार?"

"उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

"परवा..."

"उद्या. सकाळी. मी रजा टाकलीय."

भिंगरी हसायला लागली आणि मध्येच थांबली. ताई आजारी असतानाही रजा टाकत नाही, हे मंडळातल्या पोराटोरांना माहीत होतं.

"तू बघितलंयस," ती म्हणाली.

ताईनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. "मला काही सांगता येत नाही."

"सांगितलंस की."

समोरून एक माणूस सायकल हातात धरून गेला. त्यानं भिंगरीला हात केला. तिनं केला नाही.

"वाईट आहे?"

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. तपासायला हवं एवढंच."

"दुकानात गेलो तेव्हा तुला माहीत होतं. मी ते पांघरुणाचे रंग मांडत होते, तेव्हा."

"हो."

"आणि तू छान छान करत होतीस."

माफी मागावी, तर कशाची? नियम पाळला त्याची, की आता मोडला त्याची? दोन्ही तिच्या हातून झालं होतं आणि दोन्हींनी भिंगरीचं काही भलं झालं नव्हतं.

"उतर," भिंगरी म्हणाली. "मला गाडी आत लावायचीय." मग थोड्या वेळानं, तिच्याकडं न बघता, "किती वाजता येऊ?"

पुढं सगळं फार झपाट्यानं झालं आणि त्यात ताईच्या हातात काहीच उरलं नाही. मोठ्या हॉस्पिटलानं तुकडा काढला, तपासला आणि लगेच ऑपरेशन ठरवलं. भिंगरीची सासू तिच्याजवळ राहायला आली. तिचा नवरा दूरच्या गावी पूल बांधायच्या कामावर होता, तोही आला. त्या दोघांनी ताईला काही विचारलं नाही, आणि आपण होऊन काही सांगायला तिच्याकडं होतं तरी काय?

भेटींच्या रविवारी खोलीत भिंगरीची खुर्ची रिकामी होती. मास्तरीणबाईंनी सगळ्यांच्या पुड्या वाटल्या आणि शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "तिच्यासाठी जिनं विणलंय, तिनं नेऊन द्यावं." सगळ्यांनी एकमेकींकडं पाहिलं. ताई उठली.

वॉर्डात भेटायची वेळ दुपारची होती. भिंगरी उशांना टेकून बसली होती. डावा हात कोपरापासून बोटांच्या मुळांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. हात वाचला होता. पण खराब हाडाच्या जागी दुसरं बसवलं होतं आणि मनगट आता वळणार नव्हतं. पुढं काय, ते पुढच्या तपासणीवर.

तिनं पुडी एका हातानं आणि दातांनी सोडली. जांभळे हातमोजे बाहेर आले. डावा ताईनं अखेर पुरा केला होता, जसा आधी ठरवला होता तसाच, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचलं नव्हतं.

"म्हणजे माझीच चिठ्ठी होती," भिंगरी म्हणाली. "आणि मी मास्तरीणबाई, मास्तरीणबाई करत बसले." तिनं उजवा घालून पाहिला, बोटं हलवली. डाव्याला हात लावला नाही. तो चादरीवर पडून राहिला. ताईला तो उचलावासा वाटला, पण उचलून ठेवायचा कुठं?

शेजारच्या खाटेवरची म्हातारी घोरत होती.

"ताई, एक सांग. तू त्याच दिवशी बोलली असतीस, तर काही फरक पडला असता?"

हा प्रश्न ताईनं डॉक्टरांना आधीच विचारला होता. डॉक्टरांनी खांदे उडवले नव्हते की धीरही दिला नव्हता. पंधरवड्यानं काय बिघडतं, काय नाही, ते कुणाला सांगता येत नाही, एवढंच म्हणाले होते.

"माहीत नाही," ताई म्हणाली.

"मीही गेले नाही म्हणा. बोलावत होते, तरी." भिंगरीनं खिडकीकडं पाहिलं. "पण राग तुझाच येतो. काय करू? डॉक्टरवर येत नाही, माझ्यावर येत नाही. तू समोर असतेस, म्हणून तुझ्यावर येतो."

"येऊ दे."

"जाईल असं वाटत नाही लवकर."

"बरं."

वॉर्डातली बाई दारात येऊन वेळ संपल्याचं सांगून गेली. ताई उठली, पर्स खांद्याला लावली. पाण्याचा ग्लास भिंगरीच्या उजव्या हाताला येईल असा सरकवला. त्याहून जास्त करण्यासारखं तिथं काही नव्हतं.

"पुढच्या रविवारी ये," भिंगरी म्हणाली. "बोलायला पाहिजेच असं नाही. नुसती बस. आणि मास्तरीणबाईंना आणू नकोस. त्या रडतात आणि मग मलाच त्यांची समजूत घालावी लागते."

"येते," ताई म्हणाली, आणि खाटांमधून वाट काढत बाहेर पडली.