चार्जिंगचा काटा

आमच्या ट्रॅक्टरला रोज सकाळी ढकलायला चार माणसं लागत. आम्ही येताना दिसलो की शेजारी दारं लावून घेत. मिस्त्रीने बॅटरी बदलली, चार्जिंगचं कटआउट बदललं, डायनॅमो दुरुस्त करून आणला. पण चार्जिंगचा काटा शून्यावर ठाण मांडून बसला तो बसलाच.

शेवटी दादाने जाहीर केलं, "आज दुपारी भंगारवाला येतोय. नवा घेऊ. तो मी चालवीन, तुला आता आराम."

आराम! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शाळा सुटल्यापासून घरची नांगरट मीच करते. नवा आला की स्टिअरिंगवर दादा आणि मी घरात भांडी घासत, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"तो येईपर्यंत मला बघू दे. किल्लीवर चालू झाला तर?"

"तर तुझा," दादा हसला. "पण मिस्त्रीने हात टेकले तिथे तू काय दिवे लावणार?"

ट्रॅक्टर ढकलून सुरू केला. मी एका बल्बला दोन वायरी जोडल्या. एक डायनॅमोच्या टोकाला लावली, दुसरी इंजिनाच्या उघड्या बोल्टला. अंधार.

"डायनॅमो पुन्हा गेला वाटतं," वहिनी म्हणाली.

मी हट्टाने दुसरी वायर डायनॅमोच्याच अंगाला लावली. ती रंगावरून नुसती घसरली. म्हणून जरा खरवडून टेकवली, आणि बल्ब भक्कन पेटला!

म्हणजे वीज तयार होत होती. तिला इंजिनाच्या लोखंडातून जायला वाटच नव्हती. मी इंजिन बंद केलं.

"दादा, डायनॅमो बसवण्याआधी रंगवलास?"

"मग! चांगले दोन हात दिले," दादा अभिमानाने म्हणाला. "बसवायच्या कानांना, ब्रॅकेटला, बोल्टच्या भोकांतसुद्धा. गंजायला नको."

हातात आलेलं लोखंड दादा रंगवल्याशिवाय सोडत नाही. फाटक झालं, बादलीची कडी झाली. आमच्याकडे पाहुणेसुद्धा बसण्याआधी खुर्चीला बोट लावून बघतात.

वीज अडवली होती ती त्या रंगानेच. मी डायनॅमो उतरवला आणि कानस, पॉलिश पेपर घेऊन रंगावर तुटून पडले. लोखंड लख्ख झालं, तसा तो परत बसवला. तेवढ्यात भंगारवाला आला. ढकलायला एक माणूस कमीच होता, त्यालाच लावलं.

इंजिन धडधडलं. काटा थरथरला आणि सरळ उजवीकडे गेला. मी अशी ओरडले की वहिनी दचकली. चांगला तासभर ट्रॅक्टर चालू ठेवला आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बंद केला. किल्ली फिरवली.

पहिल्याच झटक्यात सुरू!

"माझा माल मीच ढकलून घालवला की हो!" भंगारवाल्याने कपाळावर हात मारला. वहिनीने मला मिठी मारली, ग्रीस लागलं तरी सोडेना.

दादा घसा खाकरत पुढे आला. "चल, सरक. एक चक्कर मारून बघतो."

"मडगार्डवर बस, दादा. घट्ट धर."

त्याने माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. तिने मान फिरवली. मग तो मुकाट्याने चढून बसला, आणि मी गिअर टाकून ट्रॅक्टर शेताकडे काढला.