कापडी शेड

पिपलानीतल्या क्वार्टरमध्ये वैजयंती राहायला आली, तेव्हा आधीच्या बिऱ्हाडाचा कापडी शेडचा दिवा तिथेच होता. तिने तो मऊ ब्रशने झटकून बैठकीत ठेवला.

उन्हाळ्यात महिनाभर उज्जैनला माहेरी राहून ती परतली. कुलूप उघडलं, तर घरभर धुळीचा थर साचलेला. शेड मात्र स्वच्छ होती, आणि हात लावला तर ओलसर.

शेजारच्या सरोजकाकूंना तिने विचारलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नलिनीताई दर मंगळवारी ती शेड ओल्या फडक्याने पुसायच्या. याच घरात गेल्या बिचाऱ्या."

तो मंगळवारच होता.  वैजयंतीने सगळं घर पुसून काढलं, पण शेडला हात लावला नाही. दिव्यापाशी एक धुतलेलं फडकं घडी करून ठेवलं आणि ती खोलीबाहेर आली.