हिरवी खूण

हिरवी खूण — पडद्याच्या कोपऱ्यात, मुगाच्या दाण्याएवढी — आणि तिच्यापुढे लिहिलेलं, काही सापडलं नाही. इतक्यात? निशाचं बोट माऊसवर तसंच राहिलं. एरवी ईमेलला जोडून साधी फाईल आली तरी अँटिव्हायरस ती तपासायला एवढा वेळ घेतो की चहा येतो, पिऊन होतो, कप विसळून होतो — आणि आज डोळ्याचं पातं लवायच्या आत…

सकाळी मीही अशीच घाईत होते, तिला आठवलं. सरूची एक मूठ उघडली, रिकामी. दुसरी उघडली, रिकामी. काही नाही म्हणत तिला शेजारच्या धोंडीबाईंच्या कडेवर दिली. त्यांनी सरूच्या गालात बोट घालून चिंचोका काढला, पदराला पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "मुठी बघल्यास बाय. तोंड कोन बघंल?" आणि वर्षाची माझी पोर, इतका वेळ तो गालात धरून, किती सालस चेहऱ्यानं बघत होती माझ्याकडे.

"हरेशचीच मेल ना?" मागे हेडक्लार्क तुळशीदास भाऊसाहेब उभे होते. संगणकाला लिंबू-मिरची त्यांनीच बांधलेली, दर शनिवारी ताजी. अँटिव्हायरसची नवी सीडी मात्र ठाण्याहून एसटीनं यायची, ती दिवाळीनंतर आलेलीच नाही. "हिरवं आलं, मग उघड की."

"फाईलला कुलूप आहे, भाऊसाहेब."

"आणि किल्ली?"

"मेलमध्येच लिहून दिलीय. पासवर्ड."

"बघ. किती व्यवस्थित मुलगा."

व्यवस्थित? मोखाड्याच्या ऑफिसातून फाईली पाठवताना त्यांना 'नवीन', 'नवीन नवीन' अशी नावं देणारा हरेश? माहेरी, जामसरला, सगळे शेतावर जाताना दाराला कुलूप घालतात आणि किल्ली चौकटीवर ठेवतात. गावातलं शेंबडं पोरही ती काढून आत जातं, फक्त बाहेरून आलेला शहाणा पाहुणा कुलूप बघतो आणि घरात कोणी नाही असं सांगत परत फिरतो… तसाच हा अँटिव्हायरस. आत गेलाच नाही — म्हणून इतक्या लवकर. आणि गेला असता तरी ओळखणार कुणाला? दिवाळीपर्यंतच्या चोरांना.

पण या मशीनमध्ये तिनं थंडीभर टाइप केलेली वसतिगृहांतल्या सगळ्या मुलांची माहिती होती, दुसरीकडे कुठेही नसलेली. ती गेली तर मार्चनंतर तिची हंगामी ऑर्डर कोण वाढवणार? नोकरी गेली तर सरू दिवसभर माझ्याजवळ… हा विचार चोरपावलांनी आला आणि क्षणभर इतका गोड वाटला, की तिनं घाबरून फोनच उचलला.

"मी कुठला पाठवतोय, निशाताई," हरेश म्हणाला. "इथं कालपासून लाईट नाही. मशीनवर मांजर झोपलीय."

"पण नाव तुझंच आहे."

"मग तो हरेश ठेवून घ्या. माझ्यापेक्षा कामसू दिसतोय."

तिनं मेल पुसून टाकली. भाऊसाहेबांनी सगळं ऐकलं, आणि शनिवार नसताना लिंबू बदललं.

संध्याकाळी सरू धोंडीबाईंच्या ओटीवर बसली होती, ओठ घट्ट मिटून. निशानं पिशवी टाकली, दोन्ही मुठी पाहिल्या. मग हनुवटीखाली गुदगुल्या केल्या — ही किल्ली मलाच ठाऊक, निदान अजून तरी — आणि सरू हसली, तोंड उघडलं. चार दात, लाळ.

"काही नाही," निशा म्हणाली आणि आपलाच आवाज तिला हिरवा ऐकू आला. तिनं पुन्हा पाहिलं. गालात बोट फिरवलं, या बाजूनं, त्या बाजूनं. पुढे ही शाळेत जाईल, ओठ असेच मिटून घरी येईल, गुदगुल्यांना हसायची नाही, आणि मी विचारीन काय झालं, आणि ही म्हणेल…

सरूनं बोट कडकडून चावलं. निशानं ते काढून घेतलं नाही.