पाण्याचा ग्लास

नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यात प्रेमिलाबाई सतरा वर्षं लोकांना बोलायला शिकवत होत्या. बोबडी मुलं, अडखळणारे तरुण, अर्धांगाने वाचा गेलेले म्हातारे. त्र्याऐंशी सालच्या मार्चमध्ये रोज चौदा-पंधरा जण येऊ लागले. कुणालाच नाही म्हणवेना. एकच प्रश्न आपण दोनदा विचारतो हे ध्यानात आलं, तेव्हा त्या दचकल्या, पण थांबल्या नाहीत.

त्या दिवशी बारावे रुग्ण होते उमरेडचे विणकर चंपतराव. अर्धांगानंतर त्यांना गिळणंही जड जाई. पाणी चमच्यानेच द्यायचं, हे बाईंनीच त्यांच्या बायकोला, भागीरथाला बजावलं होतं.

"म्हणा, पाणी."

"पा... पा..."

"छान," बाई म्हणाल्या आणि टेबलावरचा भरला ग्लास त्यांच्या ओठांना लावला.

चंपतराव घटाघट प्यायले. मग डोळे विस्फारले. खोकलाही फुटेना. ओठ काळेनिळे पडू लागले. बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं, आवाजच निघाला नाही. त्यांनी चंपतरावांना पुढे वाकवलं आणि पाठीत थापा मारत राहिल्या. अखेर नाकातोंडातून पाणी आलं, घरघरत श्वास आला.

भागीरथा ओसरीतून धावत आली. "काय झालं वं माय?"

ठसका लागला, एवढं म्हणून भागलं असतं.

"मी ग्लासाने पाणी पाजलं."

"तुमी? काहून?"

"माझं लक्षच नव्हतं. थकलेय मी, भागीरथाबाई."

भागीरथा नवऱ्याजवळ बसली. पदराने नवऱ्याचं तोंड पुसत राहिली.

डॉक्टरांनी छाती तपासली. पाणी फुप्फुसात गेलं असेल तर दोन-तीन दिवसांत ताप चढेल, म्हणाले. चंपतरावांना नागपुरातच भाच्याकडे ठेवलं. बाई सकाळ-संध्याकाळ तिथे जात. दार उघडताच आधी त्यांच्या कपाळाला हात लावत. ताप आला नाही.

चौथ्या दिवशी भागीरथा त्यांना घेऊन आली. "मी आतच बसतो आता," ती म्हणाली. बाईंनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

त्या दिवशी बाईंनी वही घेऊन दिवसाला सहाच नावं लिहायचं ठरवलं, गुरुवार बंद केला. बाकीच्यांना सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठ्या दिल्या.

त्याच दुपारी एक बाई तोतऱ्या मुलीला घेऊन आली. "लई दुरून आलो, बाई. आज पाहून घ्या ना."

"आज नाही. सोमवारी पहिला नंबर तुमचा."

मायलेकी पायऱ्या उतरू लागल्या. ही पोर परत आलीच नाही तर? हाक मारावी असं प्रेमिलाबाईंना फार वाटलं. त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली, आणि हाक मारली नाही.