यादीचं कार्ड

व्हर्ना कॉफीचे पेले घेऊन बाहेरच्या खोलीत आली, तेव्हा तिचा थोरला भाऊ ऑर्विल खोडरबराने कार्ड घासत होता.

"हात काढ त्यावरून," ती ओरडली.

पण काम उरकलं होतं. यादीतल्या हॉकी खेळाडूंच्या पासष्ट नावांपुढच्या पासष्ट चौकटी कोऱ्या दिसत होत्या.

च्युइंगगमच्या पुड्यांतून खेळाडूंची ही कार्डं निघत, तेव्हा प्रेअरीच्या माळरानावरल्या गावागावांतली पोरं ती जमवत. नवा खेळाडू मिळाला की यादीच्या कार्डावर पेन्सिलीने खूण. म्हणून कोरं यादीचं कार्ड आज भल्याभल्या गोलकीपरांच्या कार्डांपेक्षा महाग. ऑर्विलचा एकसष्ट सालचा संच त्या एका कार्डासाठी साठ वर्षं अडला होता. खुणांचं त्याला नको होतं आणि कोऱ्याचे पैसे मोजायला जीव होत नव्हता.

हे कार्ड व्हर्नाने जपून ठेवलेलं. खुणा धाकट्या डेलच्या. संच दोघा भावांनी मिळून जमवला, पण डेल तेराव्या वर्षी मेंदूज्वराने गेला आणि ऑर्विल लगेच 'माझा संच' म्हणू लागला. त्यावरून बहीणभावांचं जे बिनसलं ते बिनसलंच. आता दोघंही सत्तरीपार. वैर घेऊन मरायचं नाही, असं ठरवून व्हर्ना आज कार्ड फुकट द्यायला आली होती, वर गोड बटर टार्टही करून आणले होते. अट एकच, खुणांना हात लावायचा नाही. ऑर्विलने मान डोलावली होती. मान डोलावण्यात तो पहिल्यापासून पटाईत.

तिने तोंड उघडलं तोच विनिपेगहून किंमत ठरवायला आलेल्या लेपाजने दार वाजवलं. लिलावासाठी पूर्ण संचच घ्यायचा, अशी त्याच्या लिलावघराची रीत होती. त्याने पासष्ट कार्डं निवांत तपासली. शेवटचं हातात घेऊन त्यावर बाजूने टॉर्च धरला.

"हे खोडलंय. खुणा असत्या तरी चाललं असतं, पोरांची कार्डं तशीच असतात. पण विकायला म्हणून खोडलं असेल तर ती लबाडी झाली. कुणी खोडलं?"

ऑर्विलने व्हर्नाकडे पाहिलं नाही.

"धाकट्या भावाने. लहानपणीच. भारी द्वाड होता."

लेपाजचा चेहरा निवळला. पोराने खोडलं असेल तर तशी नोंद करता येईल, भाव थोडा उतरेल, पण संच पूर्ण धरता येईल, असं तो म्हणाला.

व्हर्नाने कार्ड आणि टॉर्च त्याच्याकडून मागून घेतला. तिरप्या उजेडात प्रत्येक चौकटीत चर उमटला. डेल पेन्सिल फार दाबून धरायचा, त्यावरून मास्तरांची बोलणीही खायचा. तिला ऑर्विलचा संताप आला. मेलेल्या पोराचं अक्षरही याने ठेवलं नाही, आणि पुसल्याचं पापही त्याच्याच माथी मारलं.

तिने कार्ड पर्समध्ये ठेवलं.

"व्हर्ना, अगं, आत्ता कुठे पुरा झालाय संच."

ती कोटाची बटणं लावू लागली. कागदावर पेन टेकवून लेपाज दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. पूर्ण लिहू की अपूर्ण, असं त्याने शेवटी विचारलं.

"एक कमी लिहा," व्हर्ना म्हणाली. "डेल गेला तेव्हापासूनच कमी आहे."