सुळ्यांमधलं अंतर

इमारतीत सगळे त्यांना दातवाले म्हणायचे. चौथ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत बसून ते कवळ्या बनवत. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे. दातवाले त्यांवर मेण चढवायचे, दात एकेक करून रचायचे, घासूनपुसून डबीत घालून परत पाठवायचे. एकवीस वर्षं हेच काम.

आणि त्यांच्याकडे पिटबुल जातीचा कुत्रा होता. कुणीतरी प्राण्यांच्या डॉक्टरच्या दारात बांधून पळ काढलेला. डोकं एवढं मोठं की बायकोने पहिल्याच दिवशी त्याचं नाव भोपळ्या ठेवलं. भोपळ्या मिक्सरला घाबरायचा, फुग्यांना घाबरायचा. पण जिन्यात तो दिसला की माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहायची. बाहेर नेताना दातवाले त्याला मुसकं घालायचे, तरीही.

त्या मंगळवारी सकाळी नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर पाना आणायला खाली गेला, तो दार सताड उघडं टाकून. दातवाल्यांच्या लक्षात आलं तेव्हा भोपळ्याची गादी रिकामी होती. ते अनवाणीच धावले. भोपळ्या त्यांना पहिल्या मजल्याच्या वळणावर भेटला, शेपटी हलवत वर येताना. खालून लहान मुलीचं रडणं ऐकू येत होतं. भोपळ्याच्या ओठाला लाल लागलं होतं.

दातवाल्यांनी तो ओठ बाहीने पुसला. का पुसला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरात येऊन मोरीतल्या आरशात त्यांनी बाहीवरचा डाग बघितला, आणि स्वतःचा उतरलेला चेहराही.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"पुसलं मी."

"म्हणजे तुम्हालाही वाटतंय की यानेच..."

त्यांनी बाही दुमडून डाग आत घातला.

अकरा वाजता दार वाजलं. हाताने नाही, काठीने. दातवाल्यांनी साखळी न काढता फटीतून बघितलं. इमारतीचा सेक्रेटरी, त्याच्यामागे सात-आठ जण.

"दुसऱ्या मजल्यावरच्या पोरीला फाडलंय तुमच्या कुत्र्याने," सेक्रेटरी म्हणाला. "सहा वर्षांची आहे ती!"

"चावताना कुणी पाहिलं?"

"काकूंनी पाहिलं. तिच्या हाताला तोंड लावून उभा होता."

पहिल्या मजल्यावरच्या काकू सगळ्यांच्या मागे होत्या, आपलं पांढरं, वीतभर कुत्रं काखेत घेऊन. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"पालिकेची गाडी चारला येतेय. गुमान खाली आणा."

"आणि नेल्यावर काय करतात?"

सेक्रेटरीने मान वळवली. "ते मला काय विचारता?"

मागून कुणीतरी दाराला लाथ घातली. दातवाल्यांनी दार लोटून बंद केलं, आणि बायकोने चपलांचं कपाट ओढत आणून दाराला लावलं. बाहेरच्या गलबल्याने भोपळ्या खूश झाला. पाहुणे आले असं वाटून तो शेपटी आपटत कपाटापुढे बसला.

दातवाले त्याच्याकडे बघत राहिले. एरवी ते त्याच्या तोंडात बेधडक हात घालून दात घासायचे. आज त्याने जांभई दिली तर ते दोन पावलं मागे सरकले. हे जबडे काय करू शकतात, हे इमारतीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तुमचं कामच दातांचं आहे ना?" बायको म्हणाली. "मग खाली जा आणि जखम बघा."

"बघितली तर मला कळेल."

"कळू दे की."

"याचीच निघाली तर?"

बायकोने भोपळ्याच्या मानेवर हात ठेवला. "तर मी गाडीपर्यंत याच्याबरोबर जाईन. पण न बघता नाही."

दातवाल्यांनी गुलाबी मेणाची पट्टी गरम पाण्यात मऊ केली, दुहेरी घडी घातली. "धर," ते म्हणाले. भोपळ्याने ती अलगद दातांत धरली आणि पुढचा हुकूम येईपर्यंत तशीच धरून बसला. वरच्या दोन सुळ्यांचे खड्डे मेणात स्वच्छ उमटले. दातवाल्यांनी दोन खड्ड्यांमधलं अंतर मोजायला कॅलिपर लावला. साडेचार सेंटिमीटर.

मेण आणि कॅलिपर खिशात घालून, कपाट सरकवून ते अनवाणीच निघाले. जिन्यात दोघेजण अजून उभे होते. "कुठे पळताय?" म्हणत एकाने त्यांना खांद्याने भिंतीवर ढकललं. दातवाले त्याच्या हाताखालून सुटले. दोन मजले उतरून त्यांनी मुलीच्या घराचं दार वाजवलं.

मुलीच्या आईने दार उघडलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "कुत्रा... कुत्रा कुठंय?"

"वरती कोंडलाय, ताई. मला फक्त जखम बघू द्या. त्याचीच असेल तर मी स्वतः त्याला गाडीत चढवेन."

"डॉक्टरांनी बघितलीय. इंजेक्शनही दिलंय."

"मी दातांची मापं घेतो, ताई. एकदाच बघू द्या."

ती बराच वेळ त्यांच्या अनवाणी पायांकडे बघत राहिली. मग बाजूला झाली.

मुलगी पलंगावर बसली होती. आईने तिच्या मनगटावरची पट्टी हळूहळू सोडली. दातवाल्यांना मान वर करवेना.

"दुखेल?" मुलीने विचारलं.

"हात लावणार नाही. नुसतं मोजणार."

त्यांनी दातांच्या दोन खुणांवर कॅलिपर धरला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी श्वास धरून मोजलं. दोन सेंटिमीटरला थोडं कमी. परत मोजलं. तेवढंच. त्यांनी मेणाची पट्टी जखमेशेजारी धरली. भोपळ्याच्या दोन सुळ्यांमध्ये मुलीचं अख्खं मनगट मावत होतं.

आई मटकन खाली बसली. "मग कुणी गं?"

मुलीने ओठ घट्ट मिटले. मग हळूच म्हणाली, "सांगितलं तर त्याला पण नेतील?"

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"मी त्याची शेपटी ओढली होती. भोपळ्या नंतर आला. त्याने नुसतं चाटलं."

अख्ख्या इमारतीत एवढ्या लहान जबड्याचं कुत्रं एकच होतं, पहिल्या मजल्यावरचं. आईने दातवाल्यांकडे बघितलं आणि दोघांनीही नजर खाली घातली.

चारला गाडी आली. दोन माणसं फासाची काठी घेऊन उतरली. फाटकापाशी सगळे जमले होते. मुलीला कडेवर घेऊन आई पुढे झाली. "माझी तक्रार नाही. हा कुत्रा नव्हता. मी मापं बघितली आहेत, आणि पोरगीही सांगतेय."

"मग कुठला होता?" सेक्रेटरी खेकसला. "दातवाले, तुम्हीच सांगा. तुम्ही मोजलंत ना?"

काकू फाटकाला टेकून उभ्या होत्या. काखेतल्या कुत्र्याला त्यांनी इतकं आवळलं होतं की ते कुईं कुईं करत होतं. सकाळी मोरीतल्या आरशात दातवाल्यांनी जो चेहरा बघितला होता, तोच आता काकूंच्या धडावर बसला होता.

"माझा नव्हता, एवढंच मला माहीत आहे," दातवाले म्हणाले.

मुलीच्या आईनेही काकूंचं नाव घेतलं नाही. पालिकेच्या माणसाने कागदावर सही घेतली आणि गाडी रिकामी गेली. लोक पांगले. "आज नाही चावला, उद्या चावेल," सेक्रेटरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाला. दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

घरी आल्यावर बायको भोपळ्याच्या गळ्यात पडून रडली. दातवाले कामाला बसले, पण एक दात सरळ लागेना. बाहेर जरा पाऊल वाजलं की हातातलं काम थांबायचं. सहाच्या सुमारास खरंच कुणीतरी दार वाजवलं, अगदी हळू. बायको आधी कपाटाकडे धावली.

काकू होत्या. एकट्याच.

"तुम्हाला कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी बघितलं होतं सगळं. सकाळी इथे मागे उभी राहिले आणि तोंडातून शब्द फुटला नाही. माझं माणूस म्हणून तेवढं एकच आहे हो घरात."

दातवाल्यांना त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. लाथ बसलेलं दार अजून समोरच होतं. "आमचंही घरातलंच आहे, काकू," ते म्हणाले.

काकूंनी मान हलवली. पदराने तोंड पुसलं. "त्या पोरीच्या आईला सांगायला हवं. दोनदा गेले तिच्या दारापर्यंत, परत फिरले. तुम्ही याल बरोबर?"

दातवाल्यांनी बायकोकडे बघितलं. तिने दाराआड पडलेल्या चपला उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. ते जिना उतरू लागले. काकू एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने त्यांची बाही धरून, एकेक पायरी थांबत, मागे येत होत्या.