नाळ कोणी कापली?

१९५८ सालचा मार्गशीर्ष. बांगडे साफ करता करता हिराची मुलाखतीची तयारी चालली होती. तालुक्याच्या दवाखान्यात सुईणीच्या शिक्षणासाठी बायका निवडायच्या होत्या. धाकटी जाऊ नर्मदा चौथी शिकलेली. मांडीवर पोर घेऊन तीच साहेबीण झाली होती.

"तुम्हाला काय काय येतं?"

"माका काय येता गो? धुणी, भांडी!"

"कठीण वेळी तुम्ही काय केलंत? एक प्रसंग सांगा."

हिरा हसली. "प्रसंग तुझ्या मांडयेर आसा मगे!"

खरंच होतं. आषाढात खाडी भरली, सुईण पलीकडे अडकली, आणि हे पोर हिरानेच सोडवलं. पण हिरा पडली विधवा! विधवेचा हात बाळंतिणीला लागला हे गावाला कळलं तर आभाळच कोसळणार ना! म्हणून सासूने, कृष्णाबाईने, गावभर सांगितलं, "नाळ मी कापलंय." आणि बारशाच्या दिवशी, जिने पोर जगवलं तिलाच मासेमारीच्या जाळ्यांच्या खोलीत कोंडलं. वर देवाधर्माच्या गप्पा! लाज कशी वाटत नाही या माणसांना?

कृष्णाबाई दारातून कडाडली, "थंय माझांच नाव सांगूचां. तू फकस्त पाणी तापयलंस. समाजलां?"

हिराने मान खाली घातली. निवड झाली तर स्वतःच्या कमाईचा घास. नाहीतर जन्मभर ती खोली.

मुलाखतीला सासू सोबत गेलीच. तरण्या विधवेला एकटं कोण सोडतं? डॉक्टरीणबाईंनी नेमका तोच प्रसंग विचारला. हिराने एकदा सासूकडे पाहिलं.

"जावेचं बाळंतपण मी केलं."

"खोटां बोलता ती! नाळ मी कापलंय!"

"असं? मग आजी, नाळ बांधली कशाने?"

 कृष्णाबाई तर तेव्हा ओटीवर देवाला गाऱ्हाणं घालत बसली होती.

"जाळ्याच्या धाग्याने," हिरा म्हणाली. "उकळून घेतला होता. नाळेचे गळ्याला दोन वेढे होते, ते आधी सोडवले. पोर रडेना. तोंडातला चिकटा बोटाने काढला, पाठ चोळली. मग रडलं."

डॉक्टरीणबाईंनी तिचं नाव यादीत लिहिलं.

परतीच्या वाटेवर कृष्णाबाई धुसफुसत होती. "रांडमुंडेचो हात लागलो म्हणान माझ्या नातवाक लोक काय म्हणतले?"

हिरा थांबली. सासूच्या डोळ्याला डोळा तिने आजवर कधी भिडवला नव्हता, तो आज भिडवला.

"जितो आसा म्हणतले, आये."